गोफणीचा नेम नेमका कुठे चुकतो?

गोफणीतून सुटलेला माझा पहिला दगड माझ्याच मागे जाऊन पडला. दुसरा सरळ आभाळात गेला. तिसरा झोळीतून आधीच गळून पायाशी आला आणि मी रिकामी गोफण मोठ्या जोशात भिरकावली. समोरची भिंत लागायला तीन दिवस लागले, तीही भिंत लांबलचक होती म्हणून.

त्या वेळी वाटायचं, जोर कमी पडतोय. म्हणून मी आणखी गरगरा फिरवायचो आणि दगड आणखी वाकडे जायचे. गोफण चुकते ती जोरामुळे नाही, सुटण्याच्या क्षणामुळे, हे कळायला मला बराच काळ लागला. आणि हा क्षण किती बारीक असतो याचा हिशेब एकदा कागदावर मांडला, की पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात. म्हणून आधी हिशेब.

ज्यांनी गोफण जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन दोर आणि मध्ये दगड ठेवायची झोळी, एवढीच ही वस्तू. एका दोराच्या टोकाला फास असतो, तो बोटात अडकवायचा. दुसऱ्या दोराच्या टोकाला गाठ असते, ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची. दगड फिरवला आणि गाठ सोडली की झोळी उलगडते, दगड निघून जातो आणि फासामुळे गोफण हातातच राहते.

दोरीला बांधून फिरवलेली वस्तू सुटली की ती ज्या बिंदूवर सुटली तिथून सरळ रेषेत जाते. गोलाला त्या बिंदूवर काढलेल्या स्पर्शिकेवरून, शाळेत काढायचो तीच स्पर्शिका. म्हणजे दगड कुठे जाणार हे तो गोलाच्या कोणत्या बिंदूवर सुटला यावरच ठरतं. आता समजा, दुमडलेल्या गोफणीची लांबी ७० सेंटीमीटर आहे, हात जागच्या जागी आहे, नुसतं मनगट फिरतंय आणि दगडाचा वेग सेकंदाला ३० मीटर आहे. ताशी १०८ किलोमीटर. हा वेग ऐकायला मोठा वाटतो, पण गोफणीला तो सहज जमतो. या वेगाने फिरणारा दगड सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात जवळपास अडीच अंश पुढे सरकतो. गाठ एवढ्याशा वेळाने उशिरा सुटली, तर दगडाची दिशा अडीच अंशांनी बदलली. २० मीटरवरच्या निशाणापाशी पोचेपर्यंत त्याचा फरक होतो साधारण ८५ सेंटीमीटर.

पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. ‘आता सोड’ असं मनाने म्हटलं आणि बोटांनी ऐकलं, यातच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. तेव्हा योग्य क्षणी गाठ सोडायची असं ठरवून कुणीही गोफण मारू शकत नाही. ते माणसाच्या आवाक्यातलंच नाही. ज्यांचा नेम लागतो ते क्षण पकडत नाहीत. त्यांची सगळी हालचाल दर वेळी इतकी सारखी होते, की गाठ दर वेळी त्याच जागी सुटते. मराठीत याला हात बसणं म्हणतात आणि त्याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही.

हात बसायला सराव लागतो हे खरंच. पण सरावाआधी चूक स्वस्त करून घेता येते, आणि ती युक्ती वरच्या हिशेबातच लपलेली आहे.

वर आपण हात जागच्या जागी धरला होता. आता तोच दगड मारताना हात शेवटच्या क्षणी निशाणाच्या दिशेने सरळ पुढे गेला असं समजा. हाताचा वेग सेकंदाला १० मीटर, त्यावर गोफणीने घातलेले २० मीटर. दगडाचा एकूण वेग तोच, ३०. पण आता त्या वेगाचा एक तृतीयांश भाग मुळात सरळ रेषेतलाच आहे. गोल फिरण्याचा वाटा कमी झाला, दगडाचा मार्ग शेवटी सपाट झाला. पुन्हा तोच हजारावा हिस्सा चुकवून पाहिलं, तर दिशा अडीच अंशांऐवजी १.१ अंशांनीच बदलते. २० मीटरवर ८५ सेंटीमीटरची चूक ३८ सेंटीमीटरवर येते. बोटं तितकीच ढिली, पण नेम दुपटीहून चांगला.

म्हणूनच चांगला गोफण मारणारा माणूस बाजूने पाहिला तर तो काही फिरवतोय असं वाटतच नाही. चेंडू फेकतोय असं वाटतं. मागचा पाय, कंबर, खांदा, कोपर या क्रमाने अंग पुढे येतं आणि हात निशाणाकडे लांब होतो. गोफण त्या हाताच्या मागून ओढली जाते आणि शेवटी वरून पलटी घेते. नवशिक्या माणसाचा हात मात्र डोक्याच्या वर एका जागी राहतो आणि मनगट पंख्यासारखं फिरत राहतं. मीही वर्षभर पंखाच होतो.

पाच-सहा वेळा गरगरा फिरवून मग सोडणं दिसायला रुबाबदार आहे, पण त्याने वेग वाढतो हा भ्रम आहे. जवळपास सगळा वेग शेवटच्या एका ओढीत मिळतो. आधीचे फेरे दोर ताणायला आणि दगड झोळीत बसवायला. त्याला एक फेरा पुरतो, फार तर दोन. प्रत्येक जादा फेऱ्यात गोफणीची फिरण्याची पातळी, म्हणजे ती ज्या सपाटीत फिरते ती, थोडी डुलते आणि आपण कुठून सुरुवात केली होती तेच हरवतं. रोमन लष्करी लेखक वेजेशियस याने सैनिकांच्या शिक्षणाबद्दल लिहिताना हेच बजावलं आहे: गोफण डोक्याभोवती एकदाच फिरवावी आणि दगड सोडावा. त्याच लेखनात नेमाच्या सरावासाठी काटक्यांच्या किंवा पेंढ्याच्या जुड्या ६०० रोमन फुटांवर, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेदोनशे मीटरच्या आसपास, उभ्या करायला सांगितल्या आहेत. हा दुसरा सल्ला आपण तूर्त बाजूला ठेवू. तेवढ्या अंतरावर माझ्याच्याने पेंढ्याची जुडी सोडाच, ती ठेवलेलं मैदान लागलं तरी मी समाधान मानीन.

आडवी की उभी?

गोफण डोक्यावर आडवी, छत्रीसारखी फिरवता येते किंवा अंगाच्या बाजूने उभी, रहाटाच्या चाकासारखी. हा निव्वळ सवयीचा प्रश्न वाटतो, पण तसं नाही. वेळ चुकली की दगड फिरण्याच्या पातळीतच भरकटतो. आडवी फिरवली तर चूक डावी-उजवीकडे जाते: उजव्या हाताने मारणाऱ्याचा दगड लवकर सुटला तर उजवीकडे, उशिरा सुटला तर डावीकडे. उभी फिरवून वरून पुढे मारली तर चूक वर-खाली जाते: लवकर सुटला तर आभाळात, उशिरा सुटला तर पुढ्यातल्या मातीत.

बहुतेक निशाणं रुंद कमी आणि उंच जास्त असतात. खांब, खोड, उभा केलेला ओंडका. अशा निशाणाला वर-खालची चूक खपते, डावी-उजवी खपत नाही. शिवाय उभ्या फटक्यात थोडा खाली पडलेला दगड टप्पा घेऊनही निशाणावर जातो. त्यामुळे नेमच साधायचा असेल तर उभी किंवा थोडी तिरकी उभी गोफण शिकावी, असं माझं ठाम मत आहे. आडव्या फटक्याने नेम धरणारे लोक आहेत, त्यांना हात जोडून नमस्कार.

उभ्या फटक्यातही दगड बाजूला जात असेल तर दोष वेळेचा नाही. एक तर फिरण्याची पातळी तिरपी झाली आहे किंवा शेवटी छाती निशाणासमोरून वळून गेली आहे. पुढच्या पायाचा अंगठा निशाणाकडे ठेवा आणि दगड सुटल्यानंतरही हात त्याच रेषेत खाली जाऊ द्या. हात पोटाला आडवा येऊन थांबत असेल तर तो दगडालाही त्याच बाजूला ओढत होता.

चिमटीत काय घडतं

आता जरा जवळून पाहू. गाठ कुठे धरता? मी पहिले कित्येक दिवस ती मुठीत धरायचो, चार बोटांनी आवळून. मूठ उघडायला वेळ लागतो आणि प्रत्येक वेळी बोटं वेगळ्या क्रमाने उघडतात. गाठ कधी करंगळीला घासून जाते, कधी तर्जनीला. त्या दिवसांतले माझे निम्मे दगड मातीत जायचे, कारण मूठ नेहमी उशिराच उघडते.

गाठ धरायची ती अंगठ्याच्या मांसल भागाखाली, तर्जनीच्या पहिल्या पेराच्या कडेवर. किल्ली धरतो तशी. पकड एवढीच, की दोराचा ताण वाढला तर गाठ निसटेल निसटेल असं वाटावं. खरं तर गाठ सोडावी लागत नाही. हात पुढे लांब झाला, अंगठा निशाणाकडे झाला आणि ताण अगदी वर पोचला, की ती आपणच ओढली जाऊन निघते. गाठ फार जाड असेल तर बोटात अडकते, फार बारीक असेल तर आधीच सटकते. वाटाण्यापेक्षा लहान, कडक आणि टोकाकडे निमुळती गाठ मला सगळ्यात बरी वाटली. गाठीच्या पुढे दोराचं पिसारलेलं टोक ठेवू नका. ते कधी अंगठ्याला चिकटतं, कधी नाही, आणि आपल्याला हजाराव्या हिश्शाची काळजी आहे.

फास मधल्या बोटात घाला किंवा तर्जनीत, पण एकदा ठरवलं की बदलू नका. बोट बदललं की दोन दोरांच्या लांबीतला फरक बदलतो आणि हात पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो.

गोफण घरी करताना

दोराबद्दल एकच कसोटी: तो ताणला जाता कामा नये. १०० ग्रॅमचा दगड वर सांगितलेल्या वेगाने फिरत असेल, तर शेवटच्या क्षणी तो दोराला जवळपास ६ किलोचं वजन टांगल्यासारखा ओढतो, हात जागच्या जागी असेल तर त्याच्याही दुप्पट. नायलॉनचा दोर अशा ओढीला रबरासारखा लांबतो आणि दर फटक्याला वेगळा लांबतो. सुती किंवा तागाचा दोर घट्ट वेणी घालून वापरा. पीळ दिलेला दोर हवेत उलगडतो आणि झोळी फिरवून टाकतो, वेणी तसं करत नाही. नैसर्गिक धाग्याचा दोर भिजला तर आखडतो, त्यामुळे दवात ओली झालेली गोफण वाळेपर्यंत तिच्याबद्दल मत बनवू नका.

दोन्ही दोरांची लांबी जुळवायची ती गोफण जमिनीवर पसरून नाही. फास बोटात घालून, गाठ चिमटीत धरून आणि झोळीत दगड ठेवून जुळवायची. त्या स्थितीत दोन्ही दोर सारखे ताणलेले असले पाहिजेत आणि दगड झोळीच्या बरोबर मध्ये. एक दोर बोटभरही ढिला असेल तर झोळी कलते आणि दगड फिरवतानाच एका कडेला सरकतो. नवी गोफण पहिल्या दीड-दोनशे फटक्यांत लांबते, आणि दोन्ही दोर सारखे लांबतात असं नाही. म्हणून मी गाठ शेवटची पक्की करतो ती आठवड्याभराने.

लांबी किती? हात खाली मोकळा सोडला तर झोळी जमिनीला टेकू नये, एवढी. लांब गोफणीने पल्ला वाढतो, पण ती आवरायला कठीण. स्पेनजवळच्या बॅलेआरिक बेटांवरचे गोफणधारी पुरातन काळी प्रसिद्ध होते. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने लिहून ठेवलं आहे, की ते तीन लांबीच्या तीन गोफणी बाळगत: लांबच्या पल्ल्याला लांब, जवळच्या पल्ल्याला आखूड आणि मधल्याला मधली. त्यांच्या आया मुलांना भाकरी दाखवून निशाण म्हणून ठेवत आणि ती गोफणीने पाडेपर्यंत खायला देत नसत, अशीही गोष्ट जुन्या लेखकांनी सांगितली आहे. खरी असो वा नसो, शिकवण्याची ती पद्धत मी कुणाला सुचवणार नाही.

झोळी चामड्याची किंवा जाड विणीची, दगडापेक्षा थोडीशी मोठी. फार खोल झाली तर दगड तिच्यातून निघताना अडखळतो. मध्ये उभी चीर असलेली झोळी वेगवेगळ्या आकाराचे दगड चांगले धरते, पण तिची दोन्ही पाती सारखी नसतील तर दगड वाकडा निघतो.

सगळे दगड सारखे नसतात

हा मुद्दा सगळ्यांना माहीत असतो आणि कुणीच मनावर घेत नाही. नदीकाठचे गोटे उचलले, एक ६० ग्रॅमचा, दुसरा ९० चा, आणि नेम लागत नाही म्हणून हाताला दोष दिला. हाताने तेवढाच जोर लावला तर जड गोटा हळू जातो. हळू गेला तर काय होतं? सेकंदाला ३० मीटरने गेलेला दगड २० मीटर कापेपर्यंत नेमलेल्या रेषेपासून २.२ मीटर खाली येतो. वेग दहा टक्क्यांनी घटून २७ झाला तर २.७ मीटर. दिशा तंतोतंत बरोबर असूनही दगड अर्धा मीटर खाली लागतो. घरातल्या वजनकाट्यावर दगड तोलून पाच-पाच ग्रॅमच्या फरकाने ढीग लावा आणि एका बैठकीला एकाच ढिगातले मारा. लांबट दगड असतील तर झोळीत दर वेळी एकाच दिशेने ठेवा.

जुन्या लोकांनी याचसाठी गोफणगुंडे घडवायला सुरुवात केली असणार. सीरियातल्या हमूकार इथे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे मातीचे लंबगोल गुंडे शेकड्यांनी सापडले आहेत. ग्रीक आणि रोमन लोक तर शिशाचे साच्यात ओतत. शिसं जड, त्यामुळे गुंडा लहान आणि त्याला हवेचा अडथळा कमी. ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफन याने लिहिलं आहे, की इसवी सनापूर्वी ४०१ मधल्या मोहिमेनंतर ग्रीक सैन्य माघार घेत असताना त्यातल्या ऱ्होड्स बेटाच्या गोफणधाऱ्यांचे शिशाचे गुंडे पर्शियन गोफणधाऱ्यांच्या मुठीएवढ्या दगडांच्या दुप्पट लांब जात. साच्यामुळे वजन सारखं राहायचं आणि वर अक्षरंही उमटवता यायची. एका ग्रीक गुंड्यावर शत्रूसाठी एकच शब्द आहे: ‘झेल’.

आपल्याला शिसं नको, ते विषारी आहे. सरावाला टेनिसचा चेंडू उत्तम. वजन ५६ ते ५९ ग्रॅमच्या दरम्यान ठरलेलं, आकार ठरलेला, आणि चुकून कुठे लागला तर अनर्थ नाही. हवेत तो दगडापेक्षा फार लवकर मंदावतो, त्यामुळे चेंडूवर बसलेली उंची दगडाला जशीच्या तशी चालत नाही. पण वेळ आणि पातळी, म्हणजे नेमाचा कठीण भाग, चेंडूवरच शिकून होतो.

चुका वाचायच्या कशा

निशाण म्हणून डबा ठेवू नका. डबा फक्त लागलं की नाही एवढंच सांगतो, आणि सुरुवातीला तो दिवसभर ‘नाही’ म्हणत राहतो. त्यापेक्षा जुनी चादर दोरीवर सैल टांगा, खालची कड मोकळी. मध्ये कोळशाने एक ठिपका काढा. चादरभर नजर फिरवायची नाही, त्या ठिपक्याकडेच पाहायचं. चेंडू खडूच्या पुडीत घोळवून मारा, प्रत्येक फटक्याची खूण चादरीवर उरते. १० मीटरवर उभे राहा आणि दहा फटके मारून मगच चादरीजवळ जा.

खुणा उभ्या ओळीत पसरल्या असतील तर वेळ चुकतेय: पकड, गाठ, दोर तपासा. आडव्या पसरल्या असतील तर पातळी किंवा छाती. सगळ्या खुणा ठिपक्यापासून दूर, पण एकमेकींना चिकटून एका जागी असतील तर अर्धी लढाई जिंकलात. हात बसला आहे, फक्त उभं राहण्याची दिशा किंवा नजरेची उंची थोडी बदलायची. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. एक फटका वर गेला की पुढचा ते मुद्दाम खाली मारतात, तो खाली गेला की पुन्हा वर. हात बसण्याआधी दर फटक्याला दुरुस्ती केली की बसणारा हातही उठतो. दहा होईपर्यंत काहीही बदलू नका, आणि बदलाल ते एकच. दहातले सहा-सात एका परातीएवढ्या जागेत पडू लागले की पाच मीटर मागे सरका.

सरावाची जागा चारी बाजूंनी मोकळी हवी, फक्त समोरून नाही. माझा पहिला दगड आठवा. लवकर सुटलेला दगड मागेही जातो आणि बाजूलाही, त्यामुळे बघायला आलेल्यांना मागे उभं करणं सुरक्षित नसतं. त्यांना दूर, एखाद्या भक्कम आडोशामागे बसवा. दगडाने मारायचं असेल तर समोर मातीचा बांध असावा. खडकावर किंवा भिंतीवर आपटलेला दगड उलटा येतो आणि कधीकधी फुटून येतो.

साधारण चाळीस फटक्यांनंतर माझ्या चादरीवरच्या खुणा खाली सरकायला लागतात. खांदा थकतो, हात पुढे कमी जातो आणि गाठ उशिरा सुटते. पूर्वी मी तिथे हट्टाने आणखी वीस मारायचो आणि दुसऱ्या दिवशी ती खालची जागाच हाताला बसलेली असायची. आता खुणा सरकल्या की मी चेंडू गोळा करतो, गोफण बोटात घालून दोन्ही दोर एकदा ताणून पाहतो आणि ती खुंटीला सरळ टांगून ठेवतो. गुंडाळून ठेवली तर वेणीला वळ पडतात.